कोबीवाला सम्राट

साम्राज्यं कशामुळं बुडतात, हे बोरझरी गावात फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि पंचाईत अशी की तो माणूस ते सांगायला सदैव तयार असायचा! वामनराव इंगोले हे त्यांचं नाव. घाटंजीच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते आणि गाव त्यांना गुर्जी म्हणायचं. एसटीच्या थांब्यावर कुणी दोन मिनिटं टेकला की गुर्जी शेजारी येऊन टेकायचे आणि गाडी येईपर्यंत एखादं साम्राज्य बुडवून मोकळे व्हायचे. गाडीला उशीर झाला तर दोन बुडायची.

"आता हे आपलं वाशीमच पाहा," ते सांगायचे. "वाकाटकायची राजधानी होती! हरिषेण राजा होता तवर सारं झकास. तो गेला अन् पाहता पाहता मामला खलास! आज वाशीमले जाऊन पाहा. काय हाये तिथं?"

"माही बहीण हाये," थांब्यावरचा माणूस म्हणायचा. "तिच्याकडंच चाललो."

गुर्जींचा सिद्धांत साधा होता. साम्राज्य सम्राट उभं करतो आणि सम्राटच बुडवतो. मधली सगळी माणसं नुसती गर्दीला असतात. या विषयावर त्यांनी चारशे बारा पानांचं हस्तलिखित तयार केलं होतं. ते छापलं कुणी नव्हतं, पण ऐकलं मात्र सगळ्या गावानं होतं.

त्यांना उलट बोलणारा माणूस एकच, नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा नेमसिंग. पंधरा एकर कापूस, दोन बैलजोड्या आणि कुठल्याही सम्राटाबद्दल काडीचाही आदर नाही.

"गुर्जी," तो शांतपणे तंबाखू मळत म्हणायचा, "तुमचे सम्राट लढले, बरोबर हाये. पन त्यायच्या फौजा जेवल्या कायच्यावर? आमचे आजे-पणजे बैलायवर धान्य लादून मुलूखभर हिंडले, म्हनून जेवल्या. बैल बसला असता तं सम्राटही बसला असता."

"इतिहास बैल घडवत नसतो, नेमसिंग!"

"बरं," नेमसिंग म्हणायचा. त्याला वादात जिंकायची घाई नसे, आणि गुर्जींना नेमका त्याचाच राग यायचा.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त मास्तर, त्याला साम्राज्याचं एवढं काय पडलंय? तर सांगायला हवं, की वामनरावांकडे स्वतःचं एक साम्राज्य होतं. ते बोरझरीच्या पोळा समितीचे अध्यक्ष होते. एक-दोन नाही, सलग बावीस वर्षं!

बोरझरीचा पोळा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. ट्रॅक्टरच्या या दिवसांतही गावात एकेचाळीस बैलजोड्या आहेत. पोळ्याच्या दिवशी त्या सगळ्या झुली, बाशिंगं, गोंडे लेवून गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे गुरं उभी करायच्या मोकळ्या जागेवर जमतात. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. मग झडत्या होतात. एकानं यमकं जुळवून गावाला चिमटे काढायचे आणि शेवटी सगळ्यांनी 'हर हर महादेव' म्हणून आरोळी ठोकायची. त्यानंतर मानाची जोडी पुढं होते, तोरण तुटतं आणि बैल वाजतगाजत मारुतीकडं निघतात. मान एकाच जोडीचा, आणि तो दरवर्षी वेगळ्या घराला. यंदा कुणाची पाळी हे एका काळ्या कव्हराच्या वहीत लिहिलेलं असे आणि ती वही अध्यक्षांच्या कपाटात असे.

आणि दरवर्षी वामनराव राजीनामा द्यायचे!

दचकू नका. ती तिथली रीत आहे. आपल्याकडं कुणी 'जेवाले बसा' म्हटलं की पोटात कावळे ओरडत असले तरी माणूस 'नको नको, आत्ताच जेवून आलो' म्हणतो. दुसऱ्यांदा आग्रह झाला की 'कायले तरास' म्हणतो. तिसऱ्यांदा झाला की पाट ओढून घेतो आणि चार पोळ्या जास्तच खातो. पहिल्याच हाकेला बसणाऱ्याला लोक हावरा समजतात. तसंच वामनरावांचं. मृगाच्या आसपास सभा भरायची, ते उठून म्हणायचे, "मंडळी, आता मले मोकळं करा बाप्पा, दुसरा मानूस पाहा." सभा म्हणायची, "नाही गुर्जी, तुमच्याबिगर कोन?" असं तीनदा झालं की गुर्जी निरुपायानं खुर्चीत बसायचे आणि घरी जाताना शीळ घालायचे.

पण गेल्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. 'तुमच्याबिगर कोन' असं म्हणणारे जेमतेम दोघंच निघाले. संजय कृषी केंद्रवाला मोबाइलमध्ये कापसाचा भाव पाहत होता. तिसरा आग्रह तर झालाच नाही. वामनराव दुसऱ्यावरच घाईघाईनं बसले. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. शाळा सुटली, तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. पोरंबाळं नोकरीच्या गावी. वर्षातून एकदा गाव म्हणायचं, 'तुमच्याबिगर कोन?' तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघत होतं. आता तेही जाणार की काय, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

यंदा मे महिन्यात त्यांना एकदम उपाय सापडला. ते हस्तलिखित घेऊन स्वयंपाकघरात आले. विजयमालाबाई कुरड्या वाळवायच्या तयारीत होत्या.

"आयकून राह्यली काय? सापडला!"

"चष्मा?"

"डायोक्लेशियन! रोमचा सम्राट! त्यानं काय केलं मालूम हाये? साम्राज्याचे चार वाटे केले, चौघायच्या हाती देले, अन् स्वतः गादी सोडून गावी जाऊन पत्ताकोबी लावत बसला."

"बरं केलं," विजयमालाबाई म्हणाल्या. "बाईले मदत झाली असंन."

"अवो, पुढचं आयक! तो गेल्याबरोबर चौघं लागले भांडाले. मंग आले त्याच्याच पाया पडत, की महाराज, परत या. तवा तो काय म्हणे? म्हणे, माझ्या हातानं लावलेली कोबी तुम्ही पाहिली असती, तर मला परत ये म्हणायची तुमची हिंमत झाली नसती! काय रुबाब हाये! सतराशे वर्षं झाली, अजून लोक सांगतात."

"मंग तो गेला परत?"

"नाही गेला. पन मी जाईन. दोनदा नाही म्हणीन, तिसऱ्यांदा जाईन."

विजयमालाबाईंनी कुरडईवरचा हात थांबवला. "अन् कोनी बोलवाले आलंच नाही तं?"

"येतात! इतिहास हाये हा!"

जूनच्या सभेत वामनराव उठले. सवयीनं दोन जण "नाही गुर्जी, तुमच्याबिगर..." असं सुरूही झाले, पण वामनरावांनी हात वर केला. "यंदा आग्रह नको. मी खरंच सोडून राह्यलो." आग्रह करावा लागणार नाही हे कळल्यावर सभेला जरा हलकंच वाटलं. मग त्यांनी गावाचे चार वाटे केले. पूर्व नेमसिंगला, पश्चिम संजयला. हे दोघं थोरले. उत्तरेला शेतकरी रवी आणि दक्षिणेला सेतू केंद्र चालवणारा कपिल. हे दोघं धाकटे.

"गुर्जी, म्हंजे अध्यक्ष कोन?" कपिलनं विचारलं.

"चौघंही."

"मंग सही कोनाची?"

"चौघायचीही."

"अन् चौघायचं जमलंच नाही तं?"

वामनराव फक्त हसले. काळी वही त्यांनी दिली नाही. दिली नाही म्हणजे लपवली असं नव्हे. कुणी मागितली असती तर पहिल्यांदा नको म्हणून दुसऱ्यांदा दिली असती. पण कुणी मागितलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून सम्राट कोबीला लागले. आखराच्या पूर्व आणि दक्षिणेच्या मधल्या कोपऱ्याला लागून, घराच्या परसदारापुढंच, त्यांचा दहा गुंठ्यांचा तुकडा होता. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या त्या काळ्या मुलखात पत्ताकोबी पाहायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येऊ लागले. वामनराव खरंच खपले, हे मात्र कबूल करायला हवं. रोपं लावली, तण काढलं, अळ्या हातानं वेचल्या. बाहेरची जून पानं रोज संध्याकाळी ते आपल्या बैलांना घालायचे. बैलांची नावं त्यांनी चंद्रगुप्त आणि बिंदुसार ठेवली होती. विजयमालाबाई त्यांना मोठा आणि लहाना म्हणायच्या, आणि बैल ओ द्यायचे ते फक्त मोठ्या-लहान्याला.

"आखराच्या बाजूनं कुंपन घाला," विजयमालाबाई आठवड्यातून एकदा सांगायच्या.

"कुंपन? अवो, ज्या सम्राटानं भिंत बांधली, त्याचं साम्राज्य तिथंच खुंटलं! तो रोमचाच हेड्रियन घे. त्याच्या आधीचा सम्राट मुलूख जिंकत गेला. यानं भिंत घातली, अन् संपलं!"

"ते झालं रोमचं. इथं आखरावर गुरं उभी राहतात."

पण सिद्धांतापुढं बायकोचं ऐकेल तो इतिहासकार कसला? कुंपण राहूनच गेलं.

कोबीला गड्डे धरले, तशी चार वाट्यांची भांडणंही धरू लागली. वामनराव शेतात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत आणि येणारा-जाणारा बातम्या देई. बातमी पहिली: यंदा मान कुणाच्या जोडीचा, यावर चौघांचं एकमत नाही. बातमी दुसरी: कुणाच्याही वाट्यातली जोडी पुढं करावी, तर बाकीचे तीन वाटे रुसणार. बातमी तिसरी ऐकून तर वामनरावांनी आनंदानं खुरपं खाली ठेवलं. चौघांनी तोडगा काढला होता. आखराच्या चार बाजूंना चार तोरणं! चार मानाच्या जोड्या! कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

"अन् तोरण आधी कोन तोडणार?" वामनरावांनी हळूच विचारलं.

"कोनीच नाही. कपिल माइकवर तीन, दोन, एक म्हननार. चारही एकदमच!"

त्या दिवशी वामनरावांनी कोबीपुढं उभं राहून आपलं वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. अगदी शाळेतल्या शुद्ध मराठीत. "मंडळी! माझ्या हातानं लावलेली ही कोबी तुम्ही एकदा पाहा, म्हणजे मला परत गादीवर बसा असं म्हणायची तुमची हिंमत होणार नाही!" तिसऱ्यांदा म्हणताना त्यांना स्वतःलाच भरून आलं.

पण गावातून कुणी आलं नाही. ऑगस्ट गेला, पोळा तोंडावर आला, तरी कुणी येईना. 'गुर्जी, जरा सांगता काय' एवढं विचारायलासुद्धा नाही. दिवसभर बसून ते संध्याकाळी खुर्ची उचलून घरी यायचे तेव्हा विजयमालाबाई काही विचारत नसत, आणि न विचारणंच वामनरावांना जास्त लागायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वामनरावांनी रीतीप्रमाणं बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकले आणि जोडीच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या संध्याकाळी गावातल्या एकेचाळीस गोठ्यांत हेच आमंत्रण गेलं. ते ऐकून बैलांनी नको म्हटलं नाही, हे इथंच लक्षात ठेवा.

पोळ्याला वामनराव आखरावर गेले नाहीत. गादी सोडलेल्या सम्राटानं गर्दीत उभं राहायचं कसं? पण बैलांना पोळा चुकवायचा म्हणजे घोर पाप, म्हणून नेमसिंगनं आपल्या जोड्यांबरोबर त्यांचीही जोडी नेली. वामनराव इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी घालून कोबीत खुर्चीवर बसले. समोर साडेतीनशे गड्डे, घट्ट, गोल, निळसर हिरवे. ते खरोखर पाहण्यासारखे होते.

आखरावर चार तोरणं लागली. चार बाजूंना दहा-दहा जोड्या, तोंडं सगळ्यांची मधोमध, कारण माइक मधोमध होता. एकेचाळिसावी जोडी कुठल्या वाट्यात, यावर अर्धा तास गेला. मग तांड्यावरच्या धनसिंगानं झडती म्हटली:

"गुर्जीनं सोडली खुर्ची अन् झाले चौघं धनी,
चार तोरनं बांधून बसले चार कोनी,
बैल म्हने बैलाले, आता जाऊ कोनाकडं?
जिकडं पाहा तिकडं तोरन, वाट कोनीकडं?
हर हर महादेव!"

"तीन, दोन, एक!" कपिल माइकवर ओरडला आणि चारही तोरणं खरंच एकदम तुटली. चौघांनी तीन महिन्यांत एकमतानं केलेलं हे एकमेव काम!

आणि चारही बाजूंनी एकेचाळीस जोड्या मधोमध आल्या.

तुम्हाला वाटेल, आता धुमश्चक्री झाली असेल. छे! बैल शहाणा प्राणी आहे. मध्यावर सगळे समोरासमोर आले, थांबले आणि एकमेकांची बाशिंगं पाहत उभे राहिले. मागं फिरता येईना, कारण मागून ढोल-ताशेवाले आत घुसलेले. पुढं जाता येईना, कारण आधी कुणी बाजूला व्हायचं? जो बाजूला होईल त्याचा मान गेला!

"संजयभाऊ, तुमची जोडी जरा घ्या ना वावराकडं!"

"मी काहून घेऊ? रवीले सांगा, तो धाकटा हाये!"

"धाकटा असलो तं काय झालं? मान सारखा ठरलाय!"

"कपिल, तू तं बोल कायतरी!"

कपिलकडं माइक होता, म्हणून त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून पुन्हा "तीन, दोन, एक" म्हटलं. त्यानं काहीच झालं नाही.

असा वीस मिनिटं पोळा उभा राहिला. झुली घामानं भिजल्या, बैलांना भूक लागली. आणि मग पूर्व-दक्षिणेच्या कोपऱ्यावरून वारं सुटलं. चंद्रगुप्तानं मान वर केली. महिनाभर रोज संध्याकाळी खाल्लेल्या पानांचा वास त्यानं ओळखला. आखराच्या चार बाजूंना चार वाटे होते, पण त्या कोपऱ्यावर कुणाचंच राज्य नव्हतं आणि कुंपणही नव्हतं. चंद्रगुप्त वळला. बिंदुसार जोडीनं वळला. नेमसिंगच्या हातातला कासरा सुटला, की त्यानं सोडला, हे आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्यामागं नेमसिंगच्या जोड्या, मग संजयची, मग रवीची. ढकलाढकल नाही, धावपळ नाही. बैल असे शिस्तीत निघाले की गुर्जींच्या बावीस वर्षांत तशी शिस्त कुणी पाहिली नव्हती.

वामनरावांनी धूळ पाहिली. ढोलाचा आवाज जवळ येताना ऐकला. ते उठून उभे राहिले. आले! सगळं गाव आलं! डोळ्यांत पाणी नको दिसायला म्हणून त्यांनी डोळे मिटले, एक हात कोबीवर पसरला आणि खड्या आवाजात सुरुवात केली:

"मंडळी! माझ्या हातानं लावलेली ही कोबी तुम्ही एकदा पाहा..."

करकर, करकर, असा आवाज आला.

वामनरावांनी डोळे उघडले. पुढ्यात चंद्रगुप्त होता. त्यानं कोबी पाहिली होती आणि त्याची हिंमतही झाली होती. त्याच्यामागं ऐंशी बैल ओळीत आत शिरत होते. काल प्रत्येकाला रीतसर आवतन मिळालं होतं, आणि त्यांनी दुसऱ्या आग्रहाची वाट पाहिली नव्हती.

मग गडीमाणसांनी एकच गिल्ला केला. हो हो, हट्ट हट्ट, कासरे ओढ, शेपट्या पिरगळ! बैल खात राहिले. चारही अध्यक्ष चार वेगवेगळे हुकूम देत होते. वामनराव खुर्चीवर चढून "थांबा! अरे थांबा!" म्हणत होते, पण ते माणसांना की बैलांना, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

विजयमालाबाई परसदारातून आल्या. हातात पूजेचं ताट होतं. त्यांनी एकदा सगळीकडं पाहिलं.

"बोंबलू नका," त्या म्हणाल्या. "कासरे सोडा सगळे. सोडा म्हनते ना! कपिल, तो माइक आन इकडं." आणि माइकवर त्या शांतपणे बोलल्या, "गावातल्या अन् तांड्यातल्या समद्या बायायनं आपापल्या दारात उभं राहा. ताट वाजवा, अन् रोज जशी हाक मारता तशी मारा."

पहिलं ताट वाजलं ते नाल्यापलीकडं, नेमसिंगच्या घरी. त्याच्या बायकोनं, सुखीबाईनं, हाक मारली. नेमसिंगच्या दोन्ही जोड्यांनी माना वर केल्या, तोंडातला घास तोंडात ठेवूनच वळल्या आणि तांड्याची वाट धरली. मग रवीच्या घरून हाक आली. मग वरच्या आळीतून. रोज चारा-पाणी करणाऱ्या बाईचा आवाज बैल विसरत नाही. एकेक जोडी आपापल्या दाराकडं निघाली. वाटेत मारुतीसमोरून जाताना कोण पुढं, कोण मागं, हे पाहायला कुणाला सवडच राहिली नाही. सगळ्यात शेवटी विजयमालाबाई म्हणाल्या, "मोठ्या, लहान्या, चला," आणि चंद्रगुप्त-बिंदुसार जड पोटानं घराकडं चालू लागले. दिवेलागणीच्या आत गावातली प्रत्येक जोडी ओवाळून झाली होती.

साडेतीनशे गड्ड्यांपैकी एक उरला होता. तोही अर्धा चावलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं आले. नेमसिंगच्या हातात नारळ, संजयच्या हातात शाल. वामनरावांनी ती शाल पाहिली आणि रात्रभर झोप न झालेले त्यांचे डोळे एकदम उजळले. त्यांनी घाईघाईनं टोपी घातली.

"गुर्जी," नेमसिंग म्हणाला, "चुकलंच आमचं. तुमच्या कोबीचा नास झाला, मनाले लई वाईट वाटून राह्यलं. हे चौघायचं काम नाही, एकच मानूस पाह्यजे. तं इचाराले आलो, की तुमी परत येता काय?"

तीन महिने वाट पाहिलेला प्रश्न! वामनराव सावकाश उठले. खिडकीतून शेताकडं पाहिलं. तिथं नुसते देठ होते, पण वाक्य पाठ होतं.

"मंडळी! माझ्या हातानं लावलेली ती कोबी तुम्ही पाहिली असती, तर मला परत ये म्हणायची तुमची हिंमत झाली नसती!"

म्हणून झालं. पहिला नकार झाला. आता दुसरा आग्रह. वामनराव मान जराशी खाली घालून थांबले.

संजयनं कपिलकडं पाहिलं. कपिलनं रवीकडं पाहिलं. मग नेमसिंगनं सुटकेचा श्वास सोडला.

"म्या या तिघायले सांगतलंच व्हतं," तो म्हणाला. "जूनमधीच गुर्जी म्हनले व्हते, आग्रह नको म्हनून. शब्दाचा मानूस हाये. उगा दुसऱ्यांदा म्हनून त्यायले कायले तरास द्या? पन गुर्जी, आदी तुमाले इचारनं आमचं काम व्हतं." आणि तो स्वयंपाकघराच्या दाराकडं वळला. "काकू, मंग तुमी व्हता काय अध्यक्ष? काल तुमीच पोळा घरी नेला."

"हो, होईन ना मी," विजयमालाबाई म्हणाल्या.

बस, एवढंच! पहिल्याच हाकेला! शाल वामनरावांसमोरून गेली आणि बायकोच्या खांद्यावर बसली.

"अवो," विजयमालाबाई त्यांना म्हणाल्या, "ती काळी वही द्या बरं."

शेवटी कुणीतरी मागितली! वामनरावांनी कपाट उघडून वही आणून दिली. विजयमालाबाईंनी चष्मा लावून शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि वाचलं, "यंदाचा मान, इंगोले. गेल्या वर्षावरून पुढं ढकलला." त्यांनी मागचं पान उलटलं. तिथंही तेच. त्याच्या मागंही. अकरा वर्षं वामनराव आपली पाळी आली की सभ्यपणानं पुढच्या वर्षावर टाकत आले होते. 'गुर्जी, यंदा तुमचीच जोडी' असं कुणीतरी म्हणावं म्हणून. पण वही कपाटात, मग म्हणणार कोण?

"मंग बरोबरच झालं की!" नेमसिंग म्हणाला. "काल पुढं तुमचीच जोडी व्हती."

चौघं चहा घेऊन गेले. वामनराव हस्तलिखित घेऊन ओसरीवर बसले. 'ऱ्हासाची कारणे' हे प्रकरण काढलं. सम्राटांची चैन, सम्राटांचा लहरीपणा, सम्राटांचे नालायक वारस, अशी सत्तावीस कारणं होती. बराच वेळ विचार करून त्यांनी अठ्ठाविसावं लिहिलं: 'बैल.' हे नेमसिंगला कधी सांगायचं नाही, असंही त्यांनी मनात ठरवलं.

मग त्यांना डायोक्लेशियन आठवला. इतकी वर्षं त्यांनी त्याचा तो रुबाब वर्गावर सांगितला होता. कोबीत उभा असलेला सम्राट, समोर हात जोडलेले दूत, आणि तो ठणठणीत नकार! पण तो नकार दिल्यावर दूत काय म्हणाले, हे त्यांनी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं का? की 'बरं महाराज' म्हणून घोडे वळवले? आणि ते दिसेनासे होईपर्यंत म्हातारा कोबीत उभा राहून वाटेकडं पाहत होता का? वामनरावांना त्या परक्या मुलखातल्या माणसाबद्दल एकाएकी फार वाईट वाटलं.

आतून आवाज आला. नव्या अध्यक्षीणबाईंचा.

"अवो, चाय मांडून राह्यली. तुमाले टाकू काय?"

"नक..." सवयीनं वामनरावांच्या तोंडून निघालंच होतं. मग ते हस्तलिखित तिथंच टाकून ताडकन उठले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले,

"टाक! टाक! माह्यासाठी टाक!"